बागेतला एक कोपरा न कापता ठेवायचा म्हणजे काय काय करावं लागतं

आमच्या घरामागे महापालिकेचं उद्यान आहे. शहराचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यातल्या बऱ्याच जणांशी माझं अजून काम पडतं, पण देशावरचं, बेताच्या पावसाचं शहर आहे एवढं पुरे. उद्यान म्हणजे तेच नेहमीचं, जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, घसरगुंडी, कारंजं (बंद), मधे मेक्सिकन लॉन आणि त्याभोवती पिवळ्या ड्युरांटाची कातरलेली बॉर्डर. मागच्या बाजूला कंपाउंडला लागून मात्र एक तिरका पट्टा आहे, तिथपर्यंत पाण्याची लाइन पोचत नाही म्हणून कुणी लॉन लावलं नाही. तिथे जुनी कण्हेर, उंबर, एक करंज, भिंतीतून उगवलेला पिंपळ, ढीगभर रुई आणि पावसाळ्यात गुडघाभर रान. सगळं रामायण या पट्ट्यावरून झालं.

मी काही वनस्पतीशास्त्रवाली नाही, बँकेत आहे. लॉकडाऊननंतर सकाळी चालायची सवय लागली, मोबाइलवर आयनॅचरलिस्ट टाकलं आणि दिसेल त्याचे फोटो काढायला लागले, त्या अ‍ॅपवर लोक ओळख पटवून देतात त्यामुळे शाळेत न शिकलेलं बरंच डोक्यात शिरलं. मग एकदा सगळे फोटो नकाशावर बघितले तर ठिपके झाडून सगळे त्या मागच्या पट्ट्यात! एवढं मोठं उद्यान, वर्षाला त्याच्यावर एवढा खर्च, आणि लॉनवर काय तर साळुंक्या. पिवळ्या ड्युरांटाचं तर असं आहे की त्याला फूल यायच्या आत कात्री लागते, मग तिथे फुलपाखरू येईल कशाला.

रुईचं एक सांगते. रुईचं पान हळूच उलटं करून बघा, पावसाळा संपता संपता तर नक्की बघा. पांढरट मोत्याएवढंही नाही, त्याहून बारीक अंडं एकेकटं चिकटवलेलं असतं, ते प्लेन टायगर फुलपाखराचं. अळी पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची, वर पिवळे ठिपके, अंगावर काळ्या मिशांच्या तीन जोड्या. रुईचा चीक विषारी, चिकट, पण ही बया काय करते, पान खायला लागायच्या आधी शीर कुरतडून ठेवते, चीक तिथेच गळून जातो आणि मग पुढचं पान आरामात खाते. ते विष अंगात साठवते, त्यामुळे पक्षी पुढे फुलपाखराच्याही वाटेला जात नाहीत. मी मांडी घालून हे बघत बसले होते तेव्हा मागून वॉचमनने विचारलं, मॅडम काही पडलं का तुमचं?

आणि मग दर पंधरवड्याला ब्रश कटर. रुई, टाकळा, केना, कुर्डू, सगळं जमिनीलगत साफ. अंडी, अळ्या, कोष, गवतातले नाकतोडे, राखी वटवट्याने झुडपात पानं शिवून केलेलं घरटं, सगळं एका पोत्यात. कुणाचा दुष्टपणा नाही हो यात. रान दिसलं की कापायचं, एवढंच.

म्हणून अर्ज केला. विषय : उद्यानाच्या मागील पट्ट्यातील नैसर्गिक वनस्पती न कापणेबाबत. आवक विभागात पोच घेतली, शिक्का मारून घेतला (हे कधी विसरू नका, पोच नसेल तर तुमचा अर्ज या पृथ्वीतलावर नव्हताच), आणि मग वॉर्ड ऑफिसच्या उद्यानवाल्या साहेबांना भेटले. साहेब सज्जन होते. म्हणाले, ताई वृक्षारोपण करायचंय ना, करा की, आम्ही खड्डे पण घेऊन देतो, ट्री गार्ड पण देतो. मी म्हटलं, लावायचं काही नाहीये, आहे ते राहू द्यायचंय. म्हणजे नक्की काय काम करायचंय? काही नाही करायचं साहेब, तेच तर मागतेय. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. नंतर कळलं की त्यांच्याकडे लावण्याला हेड (म्हणजे खर्चाचं खातं) आहे, तोडण्याला परवानगीचा फॉर्म आहे, न करण्याला काहीच नाही. झाड तोडायचं तर १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आडवा येतो, वृक्ष प्राधिकरण आहे, नोटीस लागते, हरकती मागवतात. पण गवताला, वेलीला, रुईच्या झुडपाला असं कुणी वाली नाही. मोठं झाड फार क्वचित कापलं जातं आणि खालचं सगळं दर पंधरा दिवसांनी, आणि किडे-पाखरांचं निम्मं जग त्या खालच्यातच असतं.

सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात तसं झालं. अर्ज इथून तिथे, तिथून मुख्य उद्यान कार्यालयात. नगरसेवकाकडे जावं तर तेव्हा निवडणुका झालेल्याच नव्हत्या, प्रशासकाचा कारभार. घोडं कुठे पेंड खातंय ते मला शेवटी आमच्या बागेच्या हेड माळी मामांनी सांगितलं. मामा तिथे बिगारी म्हणून लागले आणि आता रिटायरमेंटला आलेत. ते म्हणाले, ताई तुम्ही साहेबाला कशाला धरताय, गवत कापायचं बिल निघतं, ते कापणारच.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बागेची देखभाल ठेक्याने दिलेली असते, त्याची निविदा निघते, त्यात कामाची व्याप्ती म्हणून पानं असतात. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून, आणि ती पानं मिळवली. वाचून डोळे उघडले. गवत कापणी चौरस मीटरच्या दराने, पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा. पालापाचोळा रोज उचलणे. कुंपणाची छाटणी महिन्यातून एकदा. वाळलेल्या फांद्या काढणे. कीटकनाशक फवारणी आवश्यकतेनुसार. पट्टाही त्या क्षेत्रफळात धरलेला. म्हणजे पट्टा सोडला की ठेकेदाराचं बिल तेवढं कमी, वरून कुणी तक्रार केली की बाग अस्वच्छ आहे तर दंड त्यालाच. तो का सोडेल? आणि मी इतके दिवस जैवविविधतेवर भाषणं देत फिरत होते, प्रश्न मुळात मेजरमेंट बुकातला, म्हणजे कामाचं मोजमाप लिहून बिल काढतात त्या वहीतला.

बरं, त्या यादीतली प्रत्येक ओळ वाचली की कोण कोण बेघर होतं ते दिसतं. वाळलेली फांदी म्हणजे तांबट पक्ष्याचं घर, तो घरटं बांधत नाही, वाळक्या मऊ लाकडात चोचीने गोल भोक पाडतो, पुक पुक पुक करत. पालापाचोळा म्हणजे सापसुरळी, भेक, गोम, गोगलगायी, आणि गोगलगायी खाणाऱ्या काजव्यांच्या अळ्या. कुंपण छाटणी म्हणजे कण्हेर. आमच्या कण्हेरीवर कॉमन क्रो फुलपाखराचे कोष असतात, पानाच्या खाली लटकलेले, चकचकीत चंदेरी, स्वतःचं तोंड दिसेल असे. शेजारची चौथीतली पोरगी पहिल्यांदा बघून म्हणाली, काकू, कुणाचं तरी कानातलं अडकलंय. ते 'कानातलं' महिन्यातून एकदा कात्रीखाली जायचं.

मग दुसरा अर्ज लिहिला आणि यावेळी फुलपाखरांचं नावही पहिल्या पानावर घेतलं नाही. ठेकेदाराच्या सुपरवायझरला आधी भेटले, चहा पाजला. त्याला विचारलं की तुझे पैसे तेवढेच राहिले आणि काम वेगळं दिलं तर चालेल का. पट्ट्यात उपटण्यासारखंही खूप होतं ना. गाजरगवत, घाणेरी, आणि सुबाभळीची पिल्लं, ही तर एक शेंग पडली की शंभर उगवतात. हे सगळं बाहेरून आलेलं आणि इथल्याला जागा न देणारं. पुण्याच्या टेकड्यांवर तो नारिंगी कॉसमॉस पसरलाय, लोक त्यात उभं राहून सेल्फी काढतात, त्यातलाच प्रकार. हे यंत्राने होत नाही, हाताने उपटावं लागतं, फुलावर यायच्या आत, आणि त्याला माणसं लागतात. तो म्हणाला माणसं देतो, पण कागद पाहिजे.

कागद म्हणजे एक ओळ. ती ओळ बनवायला केवढा खल झाला म्हणून सांगू. साहेब, सुपरवायझर, मामा आणि मी. शेवटी ठरलं ते साधारण असं : सदर पट्ट्यात यंत्राने गवत कापू नये, गाजरगवत, घाणेरी व सुबाभूळ हाताने उपटावी, बिया गळून गेल्यावर वर्षातून एकदा निम्म्या भागाची आळीपाळीने कापणी करावी. निम्म्याची कल्पना माझी, कारण सगळं एकदम कापलं तर कोष आणि अंडी घेऊन जायचं कुठे. वर्षातून एकदा तरी कापा हा आग्रह मामांचा, आणि ते बरोबरच होतं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीनंतर गवत पार वाळतं, कुणी विडी टाकली की पेटलं, आणि एकदा आग लागली की पुढच्या वर्षी पट्ट्याचं नावही काढू देणार नाहीत. भिंतीच्या बाजूला एक हात रुंदीची पट्टी मोकळी ठेवायची, तेही त्यांचंच.

साहेबांनी टिपणी लिहिली, वर पाठवली, वरून शेरा आला 'नागरिकांची हरकत नसल्यास'. झालं. आता नागरिक.

नागरिकांची हरकत होतीच. सकाळचा हास्यक्लब, संध्याकाळचा ज्येष्ठ नागरिक संघ, आणि लहान मुलांच्या आया. तीन मुद्दे : साप, डास, आणि 'बाग बागेसारखी दिसत नाही'. पहिल्या दोनांना उत्तर आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर, आणि आमचं ते बंद कारंजं, गवतात नाही. मी सगळ्यांना कारंज्याजवळ नेलं आणि मोबाइलचा टॉर्च मारून त्या वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. पुढच्या आठवड्यात कारंजं कोरडं केलं, जे रहिवासी कधीपासून मागत होते. सापाचं म्हणाल तर एकदा खरंच निघाला, सर्पमित्राला बोलावलं, नानेटी होती, बिनविषारी, बेडूक खाणारी. त्याने नीट समजावून सांगितलं, काही लोकांना पटलं, काहींना अजिबात नाही, आणि मला त्यांचा राग येत नाही, नातवंडं घेऊन येणाऱ्या माणसाला साप म्हटलं की धडकी भरणारच. म्हणून पट्टा आणि घसरगुंडी यांच्यामधे दगडांची कड घालून घेतली आणि चालायची वाट रुंद ठेवली.

तिसऱ्या मुद्द्याला उत्तर नाही. बाग म्हणजे लॉन हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय. मी एका काकांना म्हटलं, काका तुमच्या गावाकडे बांधावर काय असतं? ते म्हणाले, गावाकडे तेच बघितलं म्हणून तर शहरात आलो! यावर काय बोलणार. शेवटी त्यांनाच मुंबईच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचे फोटो दाखवले. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठाला, पूर्वी जिथे शहराचा कचरा टाकायचे त्या जागेवर माती घालून लावलेलं सदतीस एकरांचं रान आहे, १९९४ साली लोकांसाठी उघडलं. मी तिकडे गेले होते तेव्हा सगळ्यात आधी डोळ्यात भरलं ते हे की पायवाट झाडलेली, आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पानांचा थर तसाच. म्हणजे कुणीतरी ठरवून ठेवलाय हे बघणाऱ्याला कळतं. तीच युक्ती आम्ही उचलली. कड झाडायची, आत हात लावायचा नाही. कड स्वच्छ असली की आतलं रान लोकांना 'मुद्दाम ठेवलेलं' वाटतं, कड अस्वच्छ असली की तेच रान दुर्लक्षित. आमच्याकडच्या तक्रारी खऱ्या अर्थाने यानेच कमी झाल्या, माझ्या बोलण्याने नाही.

एक बोर्डही लावला. बोर्डावर नीलवंत. हे आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालं, आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, हे वाचलं की लोकांची मान जरा ताठ होते. खरं सांगायचं तर आमच्या कोरड्या बाजूला नीलवंत क्वचित दिसतो, तो घाटाकडचा, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणारा. पण ताम्हण, हरियाल, शेकरू, आंबा यांच्या रांगेत बसवला की बोर्ड वाचतात. खाली छोट्या अक्षरात आपल्या पट्ट्यातले खरे रहिवासी.

आता लावण्याचं. एवढं 'काही लावू नका' म्हणून झाल्यावर थोडं लावलंच. फुलपाखरांसाठी बाग म्हटलं की लोक फुलं लावतात, पण फुलं म्हणजे हॉटेल झालं, बाळंतपणाची सोय वेगळीच लागते. प्रत्येकाची ठरलेली झाडं. कढीपत्ता आणि लिंबू लावलं की कॉमन मॉरमॉन आणि लाइम येणार. सोसायट्यांच्या भिंतीला रांगेत लावतात त्या हिरव्या अशोकावर टेल्ड जे. पानफुटीवर रेड पिएरो. टाकळ्यावर पिवळी ग्रास यलो. हे सगळं सोपं. अडलं ते वाघाटी आणि ईश्वरी या वेलींना. वाघाटीवर ग्रेट ऑरेंज टिप येतं, पांढऱ्या पंखांच्या टोकाला शेंदरी, उडतं असं की नजर ठरत नाही. ईश्वरीवर क्रिमझन रोज. पण नर्सरीत मागा, तुम्हाला पाम देतील, अकॅलिफा देतील, सिंगोनियम देतील, वाघाटी म्हटलं की तोंडाकडे बघतात. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत जूनमधे बहावा, करंज, आपटा, कांचन मिळाले, वेली नाहीत. वाघाटी शेवटी मिळाली ती भाजीवाल्या मावशींमुळे. आषाढी द्वादशीला उपास सोडताना वाघाट्याची भाजी करतात ना, त्याला गोविंदफळ पण म्हणतात, त्या दोन दिवसांत मंडईत ती फळं येतात. मावशींना विचारलं हे आणता कुठून, तर त्यांच्या गावच्या ओढ्याकाठी वेल आहे. पुढे त्यांनीच पिकलेली फळं आणून दिली. बिया ताज्या असतानाच लावल्या, त्यातल्या काही रुजल्या. काटे एवढे की मामा अजून शिव्या घालतात.

मग जपणूक म्हणजे कुणापासून, हा प्रश्न आला. आधी वाटलं होतं गुरं-बिरं, पोरं-बिरं. खरा धोका भाविक! शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ. हरतालिकेला आणि गणपतीला पत्री, त्यात आघाडा, दूर्वा, रुई सगळं आलं. दसऱ्याला आपटा, आणि आपट्याचा नाही मिळाला तर कांचन ओरबाडून आपटा म्हणून. पहिल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी पट्टा बघून मला रडू यायचं बाकी होतं. चिडून काही उपयोग नव्हता, आणि खरं तर ही सगळी झाडं लोकांना नावाने माहीत आहेत ती याच देवाधर्मामुळे, नाहीतर आघाडा कुणाला ओळखू आला असता. शनिवारी येणाऱ्या एक आजी होत्या, त्यांना मी पान उलटं करून अंडं दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली केला, बघितलं, आणि म्हणाल्या, अगो हे तर लेकुरवाळं पान आहे, हे कशाला मारुतीला. तेव्हापासून त्या स्वतः प्रत्येक पान उलटं करून बघतात आणि बाकीच्या बायकांनाही बघायला लावतात. माझ्या बोर्डाला जे जमलं नसतं ते आजींनी केलं. तशीच गोष्ट टाकळ्याची. पाऊस सुरू झाला की पलीकडच्या वस्तीतल्या बायका टाकळ्याची कोवळी पानं खुडायला येतात, भाजीला. वॉचमन हाकलायचा. मी म्हटलं येऊ दे की, कोवळे शेंडेच खुडतात, त्याला फुटवे येतात, आणि बागेतली सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच आहे. भुईआवळी कुठली, माका कुठला, त्यांच्याकडून शिकले मी.

कागदी बाजू एक राहिली. २००२ चा जैविक विविधता कायदा आहे, त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची, म्हणजे आपल्या हद्दीत काय काय जगतं आणि लोकांना त्याची काय माहिती आहे ती लोकांना विचारून लिहायची. राष्ट्रीय हरित लवादाने यासाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दिली होती, त्यामुळे आपल्याकडे धडाधड वह्या तयार झाल्या. आमच्या शहराची वही मी मागून घेतली आणि चाळली. छान बाइंडिंग. वाघ, बिबट्या यांची सामान्य माहिती होती, आमच्या बागेचं नावच नव्हतं. मी आयनॅचरलिस्टवरची यादी, वस्तीतल्या बायकांनी सांगितलेल्या भाज्या आणि औषधं, मामांनी सांगितलेली पूर्वी होती आणि आता नाहीत ती झाडं, असं सगळं नीट टाइप करून समितीला दिलं, वहीला जोडा म्हणून. जोडलंय असं तोंडी सांगतात. पोच आहे माझ्याकडे.

कार्यक्रमाचं पण झालं एकदा. आंतरराष्ट्रीय जैवविविधता दिन २२ मे ला असतो, उद्यानात साजरा करू या म्हणून वरून फोन आला, आनंदच झाला, पण मे महिन्यात आमच्याकडे पट्टा म्हणजे खडखडीत माती, लोकांना दाखवणार काय, वाळलेल्या काड्या? तरी केला, भाषणं झाली, फ्लेक्स लागला, मांडव मात्र पट्ट्यावर नको लॉनवर घाला हे सांगायला मला सकाळी सहाला जाऊन उभं राहावं लागलं. त्याउलट सप्टेंबरचा. सप्टेंबरात देशभर फुलपाखरं मोजायचा महिना पाळतात, त्यातला एक रविवार आम्ही घेतला. स्टेज नाही, माइक नाही. मुलांना गटागटाने पाठवलं, एकेका झुडपापुढे पंधरा मिनिटं शांत बसायचं आणि दिसेल ते सांगायचं. कुणीतरी सुचवलं होतं की खोक्यातून फुलपाखरं सोडू, फोटो चांगले येतात, ते मी साफ उडवून लावलं. मुलांनी फुलपाखरं तर मोजलीच, पण त्यांना सगळ्यात आवडला तो एक प्रार्थनाकीटक, जो एका फुलपाखराला डोक्याकडून खात होता. आया ई करत होत्या आणि पोरं हलायला तयार नाहीत. हास्यक्लबचे ते गावाकडून आलेले काका कडेला उभे राहून पोरांना सांगत होते की हा कुर्डू, याची भाजी करतात, आमची आई करायची. मी काही बोलले नाही, दुसरीकडे बघितलं.

सगळं गोडगोड आहे असं नाही. धुराची फवारणी अजून होते, गाडी येते आणि बागेभर धूर सोडून जाते, तो धूर डास आणि फुलपाखरू असा भेद करत नाही. पट्टा सोडून फवारा असं लेखी दिलंय, पण फवारणीवाले वेगळ्या खात्याचे, उद्यानवाले म्हणतात आमचं ऐकत नाहीत. सध्या आम्ही साधं करतो, गाडीचा भोंगा ऐकला की मामा किंवा वॉचमन पट्ट्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहतात. वाळक्या फांद्यांचंही अर्धवट जमलंय. चालण्याच्या वाटेवरची धोकादायक असेल तर काढायचीच, त्यात वाद नाही, पण आतल्या करंजाची ठेवू द्या म्हटलं तर सही कोण करणार म्हणून अडलंय. तांबट मात्र सहीसाठी थांबला नाही, त्याने भोक पाडलंय.

देखभालीचा ठेका संपला आणि यंदा नवी निविदा निघाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, आता परत पहिल्यापासून अर्ज, टिपणी, हरकती. पानं मागवून बघितली तर आपली ओळ जशीच्या तशी, शब्द न् शब्द, कारण ऑफिसात जुनीच फाइल उघडून तारीख बदलतात. इतकंच नाही, शेजारच्या वॉर्डातल्या उद्यानाच्या निविदेतही तीच ओळ गेली, आणि तिथे असा पट्टाच नाही. तिथले हेड माळी गोंधळून मामांना फोन करत होते की हा सदर पट्टा आमच्याकडे नेमका कुठे आहे. मामा म्हणाले, नाही ना, मग जिथे लॉन जळलंय तिथे करून टाक.